आईच्या पायाशी पाणी

घरगुती उपाय करून करून दाताची पार वाट लावायची आणि मग दवाखान्यात यायचं, अशा माणसांचा डॉक्टरांना भयंकर राग होता. सव्वीस वर्षांत असे हजारो पेशंट त्यांच्या खुर्चीत आडवे झाले असतील. प्रत्येकाचा गाल आरशाने बाजूला सारता सारता डॉक्टर एकच प्रश्न विचारायचे, "आधी का नाही आलात?" पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी असल्यामुळे उत्तर काही यायचं नाही, आणि डॉक्टरांना ते नकोही असायचं. प्रश्न विचारला की त्यांना बरं वाटे. पेशंटला वाटो न वाटो.

अशा या डॉक्टरांच्या गाडीत पाणी गळू लागलं.

गाडी एकवीस वर्षांची होती. रंग विटलेला, मागच्या सीटचा स्पंज बसलेला, आणि रेडिओ फक्त खड्ड्यातून गेलं की लागायचा. ती कधीच मोडीत गेली असती, पण डॉक्टरांच्या आईला जगातल्या बाकी सगळ्या गाड्या लागायच्या. सुनेची नवी गाडी लागायची. टॅक्सी दोनदा बोलावून पाहिली. पहिल्यांदा आई दुसऱ्या सिग्नलपर्यंत टिकली, दुसऱ्यांदा पहिल्याच. बसच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. या एका गाडीत मात्र, पुढच्या सीटवर, काच चार बोटं खाली करून ती कितीही तास मजेत बसायची. का, ते मोठमोठ्या डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं, आणि आपले डॉक्टर तर दातांचे होते.

आईची मोठी बहीण, म्हणजे डॉक्टरांची मावशी, पाच तासांवरच्या गावात राहायची. वय चौऱ्याऐंशी. यंदा ती एकदम खचली. जेवण कमी झालं, झोप वाढली. पूर्वी दोघी बहिणी फोनवर तासभर भांडायच्या. आता बोलता बोलता मावशीला झोप लागायची आणि आई फोन तसाच कानाला लावून तिचा श्वास ऐकत बसायची.

"मला ताईला भेटायचंय," आई एक दिवस म्हणाली. एकदाच म्हणाली. कुठलीही गोष्ट दोनदा मागायची नाही, हा तिचा स्वभावच होता.

"येत्या रविवारी जाऊ," डॉक्टर म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदी मनापासून होतं.

त्या रविवारी ते निघाले. आदले दोन दिवस पाऊस झाला होता. शहराची शेवटची घरं मागे पडली तेव्हा आईने पाय वर उचलले आणि म्हणाली, "अरे, इथे ओलं आहे."

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. पायाखालची चटई उचलली तर खालचा गालिचा ओला, त्याखालचा जाड फोम त्याहून ओला, आणि सगळ्याला बुरशीचा असा वास की डॉक्टरांनी सवयीने नाकावर मास्क चढवला. आईला दमा. तिला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पंप झाला, पाणी पिऊन झालं. शेवटी डॉक्टरांनी गाडी वळवली.

"पुढच्या रविवारी नक्की," ते म्हणाले. आई खोकत होती, त्यामुळे तिने मान हलवली.

आता कुणीही शहाणा माणूस सोमवारी सकाळी गाडी घेऊन उस्तादांकडे गेला असता. उस्तादांचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं आणि पंधरा वर्षं हीच गाडी त्यांच्या हाताखालून गेली होती. पण डॉक्टरांना तिकडे जायला तोंड नव्हतं, आणि ते त्यांचं त्यांनीच घालवलं होतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षी उस्तादांच्या दाढेवरची टोपी, म्हणजे कॅप, निघाली. उस्ताद कामाच्या गडबडीत. त्यांनी काच बसवायचा काळा गम घेतला, टोपी दाढेवर चिकटवली आणि महिनाभर आरामात जेवले. पुढे हिरडी सुजली तेव्हा दवाखान्यात आले. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात बघितलं आणि दार उघडं असताना, बाहेर सात पेशंट बसलेले असताना, आवाज चढवला. "गाडीचा गम तोंडात? अहो, उद्या मी दाताचं सिमेंट गाडीला लावलं तर चालेल का तुम्हाला?" बाहेरचे सातही जण हसले. उस्ताद टोपी बसवून घेऊन गेले, ते परत दवाखान्याकडे फिरकले नाहीत. डॉक्टरांनी मात्र हा किस्सा पुढे वर्षभर, जिथे चार माणसं भेटतील तिथे, अभिनयासकट सांगितला.

तेव्हा उस्तादांकडे जायचा प्रश्नच नव्हता. आणि गळती शोधणं म्हणजे तरी काय? भोक शोधायचं आणि बुजवायचं. डॉक्टर सव्वीस वर्षं दुसरं काय करत होते?

सोमवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर गाडीखाली, गाडीत आणि गाडीच्या आसपास पसरले. दवाखान्यातून तोंडात बघायचा छोटा आरसा आणला होता, डोक्याला बांधायचा दिवा आणला होता. डॅशबोर्डच्या खाली त्यांनी टाल्कम पावडर फवारली, म्हणजे पाण्याचा ओघळ आला की पावडरीवर उमटेल. ही युक्ती त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी बायकोला तीनदा समजावली. बायको कॉलेजात गणित शिकवायची. तिच्या हातात बागेचा पाइप देऊन डॉक्टर आत बसले, काचा बंद केल्या आणि मान सीटखाली घातली. एक टकटक म्हणजे पाणी सोड, दोन म्हणजे थांब.

वीस मिनिटं पाणी पडलं. डॉक्टरांच्या केसांत पावडर, गुडघ्याला मुंग्या, आणि गालिच्यावर तळहाताएवढा ओला डाग. पाणी वरून कुठूनतरी येतं एवढंच कळलं, आणि ते पावडर न टाकताही कळलं असतं.

"एक विचारू?" बायको काचेशी वाकून म्हणाली. "पाणी येतंय कुठून ते शोधतोयस, ते ठीक. पण ते जायला हवं कुठून, ते बघितलंस का?"

"हे टाकीचं गणित नाहीये," डॉक्टर आतून म्हणाले.

"मला तर तेच दिसतंय," बायको म्हणाली आणि पाइप गुंडाळायला गेली.

मग डॉक्टरांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या भिंतीवर, वायपरच्या बरोबर खाली, रबराचं एक छोटं तोंड होतं. त्यातून टप, टप, टप पाणी गळत होतं. डॉक्टरांना आनंदाने उडी मारावीशी वाटली. सापडलं! गळती सापडली! त्यांनी ते तोंड पुसलं, कोरडं केलं आणि दुकानातून आणलेला काळा गम त्यात गच्च भरला. टपटप थांबली. डॉक्टर दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत राहिले.

तेवढ्यावर थांबले असते तर निम्मी फजिती टळली असती. पण हात चालू झाला की चालू झाला. दार उघडून त्यांनी खालची कड आरशात बघितली. भोकं! ओळीने तीन. कडेला गंज चढलेला, अगदी किडलेल्या दाढेसारखा. दुसरं दार बघितलं. तिथेही तीन. चारही दारांना मिळून बारा. एकवीस वर्षं आपली आई अशा किडक्या गाडीतून फिरली, या विचाराने डॉक्टरांना अपराधी वाटलं.

एवढ्या बारीक भोकांत काळा गम नीट बसेना. मग डॉक्टर दवाखान्यात गेले आणि फिलिंगचं पांढरं सिमेंट आणि ते घट्ट करायचा निळा दिवा घेऊन आले. भोक साफ करायचं, कोरडं करायचं, सिमेंट भरायचं, दाबायचं, निळा दिवा वीस सेकंद धरायचा. उंची बरोबर आहे का, बोटाने चाचपायची. संध्याकाळपर्यंत बारा फिलिंग झाली. एका दिवसात एवढी त्यांनी दवाखान्यातसुद्धा कधी केली नव्हती. आपण गेल्या वर्षी उस्तादांना काय म्हणालो होतो, ते त्यांना आठवलं का? आठवलं. पण ते उदाहरण होतं आणि हे काम होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते त्यांना चटकन पटलंही.

त्यानंतर चार दिवस पाऊस पडला नाही. गाडी कोरडी ठणठणीत राहिली. डॉक्टरांनी जेवताना, चहा घेताना, पेशंटच्या तोंडात हात असताना गळती कशी शोधावी यावर भाषणं दिली. शनिवारी धो धो पाऊस झाला.

दुसऱ्या रविवारी आई पुढच्या सीटवर बसली. पहिल्या वळणावर गाडीत खळ्ळ असा आवाज झाला. दुसऱ्या वळणावर पुन्हा झाला, दुसऱ्या बाजूने.

"मागे कुणी पाणी घेऊन बसलंय का?" आईने विचारलं.

"टायरचा आवाज आहे," डॉक्टर म्हणाले. हे बोलताना आपल्याला टायरमधलं काहीही कळत नाही हे त्यांना माहीत होतं. तिसऱ्या वळणावर आईच्या दाराच्या आतून पाण्याची बारीक धार निघाली आणि थेट तिच्या बुटात गेली. आईने बूट काढला, खिडकीतून बाहेर ओतला आणि मांडीवर ठेवला. गाडी वळली.

"पुढच्या रविवारी," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी 'नक्की' म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर इरेला पेटले. पुढच्या काचेभोवती काळा गम, मागच्या काचेभोवती काळा गम, मागच्या दिव्यांच्या कडांना काळा गम. गाडी काजळ घातल्यासारखी दिसू लागली. दवाखान्यात त्यांची बोटं काळी बघून एक बाई उपचार न घेताच उठून गेल्या. बायकोने एकदा फक्त विचारलं, "उस्तादांना फोन लावू का मी?" डॉक्टर म्हणाले, "आता झालंच आहे." रोज रात्री जेवणं झाल्यावर आई मावशीला फोन लावायची, थोडं बोलायची आणि मग बराच वेळ गप्प ऐकत राहायची. डॉक्टर ते बघायचे आणि दुसऱ्या दिवशी अजून एक ट्यूब आणायचे. लाज वाटली की माणूस शहाणा होतो असं म्हणतात. डॉक्टर नुसतेच जास्त गम आणत होते.

तिसऱ्या रविवारी आई तयार होऊन, हातात पिशवी घेऊन जिन्याच्या खिडकीशी उभी राहिली. "तू आधी बघून ये," ती म्हणाली. डॉक्टर खाली गेले. पाऊस थांबला होता. त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि आतलं पाणी उंबऱ्यावरून ओसंडून त्यांच्या दोन्ही बुटांवर आलं. पहिल्या रविवारी नुसताच ओला असलेला गालिचा आता पाण्याखाली होता. डॉक्टरांनी वर बघितलं. आई खिडकीत होती. ती बघत होती.

ते वर गेले तेव्हा आई पिशवी दारामागच्या खुंटीला परत अडकवत होती. रागावली असती, टोमणा मारला असता तर डॉक्टरांनी तो आनंदाने ऐकून घेतला असता. ती म्हणाली, "मोजे बदल आधी. सर्दी होईल." डॉक्टर न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून दोन मिनिटं नुसते उभे राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि एका गाडीच्या गालिच्यासाठी बावन्न वर्षांच्या माणसाला रडू यावं याची वर लाजही वाटत होती. पण ते गालिच्यासाठी नव्हतं, हेही त्यांना कळत होतं.

सोमवारी सकाळी ते गाडी घेऊन उस्तादांकडे गेले. वळणावळणाला गाडी खळखळत होती आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

उस्तादांनी हात पुसले. "या डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, जणू कालच भेटले होते. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. सिमेंटचं तेवढं सांगितलं नाही.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, वायपरच्या खालची प्लॅस्टिकची जाळी चार क्लिपा दाबून उचलली आणि आत हात घातला. मनगटापर्यंत हात पाण्यात गेला. बाहेर आला तो काळ्या, कुजलेल्या पानांचा गोळा घेऊन. "गाडी झाडाखाली लावता ना? काचेवरचं पाणी या पन्हळीत येतं आणि त्या रबरी तोंडातून खाली जातं. पानं अडकली की पाणी चढतं आणि गाडीत हवा येते त्या वाटेने आत, आईंच्या पायाशी. दहा मिनिटांचं काम होतं." त्यांनी वाकून ते रबरी तोंड बघितलं. "हे कुणी बंद केलं?"

डॉक्टरांनी गॅरेजच्या छताकडे बघितलं.

उस्तादांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग दारापाशी जाऊन खाली बसले आणि खालच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. त्यांनी टॉर्च मारला. "काचेवरचं पाणी दारात उतरणारच. ते बाहेर जायला कंपनीनेच ही भोकं ठेवलेली असतात," ते सावकाश म्हणाले. "ती भरली की दार म्हणजे टाकी. पण डॉक्टरसाहेब, हे पांढरं काय आहे?"

"सिमेंट," डॉक्टर म्हणाले.

"कसलं?"

"दाताचं."

उस्ताद उठून उभे राहिले. मग त्यांनी गाडीच्या टपावर हात टेकला आणि हसायला लागले. हसता हसता खाली बसले, तोंड इतकं उघडलं की डॉक्टरांना मागच्या दाढेवरची आपण बसवलेली टोपी स्वच्छ दिसली. छान बसली होती. डॉक्टरांनाही हसू फुटलं, आणि गेले पंधरा दिवस छातीत धरून ठेवलेलं काहीतरी त्याबरोबर मोकळं झालं.

"माफ करा, उस्ताद," ते म्हणाले. "त्या दिवशी मी लोकांसमोर बोलायला नको होतं."

"जाऊ द्या हो," उस्ताद डोळे पुसत म्हणाले. "पण हे काढायचं कसं? माझा स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला. हलत नाही. काम पक्कं आहे तुमचं."

शेवटी डॉक्टरांनी दवाखान्यातून छोटं ड्रिल आणलं, दारापाशी उकिडवे बसले आणि आपलीच बारा फिलिंग एकेक करून उकरली. पहिलं भोक मोकळं झालं तसा पाण्याचा फवारा त्यांच्या मांडीवर आला. "चूळ भरा," डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. उस्तादांना पुन्हा दहा मिनिटं काम सुचलं नाही.

गालिचा आणि फोम बाहेर काढून पाच दिवस गॅरेजच्या पत्र्याखाली पंख्यासमोर वाळत घातले. शनिवारी उस्तादांनी स्वतः पाइप लावून अर्धा तास गाडीवर पाणी सोडलं. डॉक्टर आत बसले. या वेळी आरसा नव्हता, पावडर नव्हती. आईच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी ते मोजे काढून अनवाणी बसले होते. पाय कोरडे राहिले.

चौथ्या रविवारी ते निघाले. वाटेत दोनदा सर आली. आईने बूट काढून ठेवले होते आणि गालिच्यावर पायाची बोटं हलवून बघत होती. काच चार बोटं खाली, खड्ड्यात रेडिओ चालू, पुढे बंद. "कोरडं आहे," ती मध्येच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "अगदी कोरडं आहे रे." डॉक्टरांना इतका आनंद झाला की ते गळतीवर एकही वाक्य बोलले नाहीत.

मावशीच्या सुनेने दार उघडलं. "झोपल्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "आता दिवसातून दोनदाच जाग येते, पाच-दहा मिनिटं. महिन्यापूर्वी दुपारभर उठून बसायच्या. तुम्ही येणार म्हणून गेले तिन्ही रविवार सकाळीच केस विंचरून घेतले होते त्यांनी. आज मात्र नाही म्हणाल्या."

आई पलंगाशी खुर्चीवर बसली आणि तिने बहिणीचा हात हातात घेतला. डॉक्टर पिशवी घेऊन दारातच उभे राहिले. तास गेला. मग मावशीने डोळे उघडले, आईकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आधी का नाही आलीस गं?"

डॉक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा, इतक्या जणांना विचारला होता, आणि तो असाही विचारता येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"माझे गुडघे गं, ताई," आई म्हणाली. तिने दाराकडे बघितलंसुद्धा नाही. "निघवतच नव्हतं घरातून. माझाच आळस."

"आळशी तू पहिल्यापासूनच," मावशी म्हणाली. आई हसली. दोघी थोडं बोलल्या, कुणाच्यातरी लग्नातल्या हरवलेल्या छत्रीवरून थोडं भांडल्याही. ती कुणी हरवली हे ठरायच्या आत मावशीचे डोळे मिटले.

डॉक्टर पुढे आले. "मावशी, कारण हिचे गुडघे नव्हते," ते म्हणाले. "माझ्यामुळे उशीर झाला. दहा मिनिटांचं काम होतं. मी कुणाला विचारलं नाही."

"ऐकलं नाही तिने," आई म्हणाली. "झोपली."

"उठली की परत सांगतो."

"सांग," आई म्हणाली. मावशीचा हात तिने सोडला नव्हता. "पण सुरुवातीपासून सांगत बसू नकोस. फार वेळ जागी नसते ती आता."

डॉक्टरांनी दुसरी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि मावशी उठायची वाट बघत बसले.